लाईट सुरू व्हायच्या आधी दात कोण बघणार?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आमच्या निपाणी भागात तंबाखू हे पीक पण आहे, मजुरी पण आहे आणि सवय पण, त्यामुळं कुणाच्या गालात न भरणारा फोड आला म्हटलं की गल्लीत आता कुणाला नवल वाटत नाही. माझ्या मामांचं तसंच झालं, तोंडाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन एका शहरात, रेडिएशन, आमच्याकडं लाईट म्हणतात, ते दुसऱ्या शहरात. फाईल साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून मी आणि मामी बसनं फिरत होतो, हे म्हणायचे लाईटचं तिकडं विचारा, ते म्हणायचे जखम भरली का ते ऑपरेशनवाल्यांना विचारा. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांत लाईट सुरू व्हायला पाहिजे हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

त्यात मामांच्या दोन दाढा किडलेल्या. अशा दाढा लाईटच्या आधीच काढून जखम भरायला दोन-तीन आठवडे द्यायचे असतात, कारण लाईट घेतलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि नंतर दाढ काढली तर जखम भरत नाही, हाडच कुजायला लागतं. मामांची दाढ वर्षभरानं ठणकली, जवळच्या दवाखान्यात काढली आणि नेमकं तेच झालं, जबड्याखालून पू यायला लागला. कॅन्सर परत आलेला नव्हता हो, तरी माणूस जेवणाला मुकला.

पुढं मेहुण्याला हाच आजार निघाला तेव्हा दुसऱ्या ठिकाणी गेलो. तिथं उपचार सुरू व्हायच्या आधीच सर्जन, लाईटचे आणि केमोचे डॉक्टर, स्कॅन बघणारे, बायोप्सी तपासणारे, दातांचे, सगळे एकत्र बसले, याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. नळीतून काय द्यायचं ते आहाराच्या मॅडमनी बहिणीला सांगितलं, भात-आमटी मिक्सरला लावून गाळून सिरिंजनं. मानेतल्या गाठी काढल्यावर हात वर जाईना, त्याला फिजिओ. गिळायला आणि बोलायला शिकवणारे वेगळे. तोंड उघडावं म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, बहीण रोज सकाळी मोजायची, सात झाल्या, आज आठ बसल्या म्हणून मला फोन करायची.

माझं म्हणणं एवढंच की हे नशिबावर असू नये. सीमाभागातला पेशंट कधी बेळगाव, कधी कोल्हापूर, कधी मिरजेला जातो, दोन राज्यांत त्याचे कागद विखुरतात. लहान हॉस्पिटलात सगळे डॉक्टर नसतील तर व्हिडिओ कॉलवर मोठ्या हॉस्पिटलच्या टीमला केस दाखवता येते, त्याला नवीन बिल्डिंग लागत नाही. आणि एक माणूस नेमा, जो पेशंटच्या घरी फोन करून पुढची तारीख सांगेल, दात दाखवले का विचारेल, आणि मराठी, कन्नड, ज्याला जे वाचता येतं त्यात लिहून देईल. मामांच्या वेळी हॉस्पिटलानं दिलेला इंग्रजी कागद मामींनी अजून जपून ठेवलाय, त्यात दातांचं काही लिहिलं होतं का ते आम्हाला तेव्हा वाचताच आलं नाही.

आपला एक वाचक, निपाणी