मदतीचा अल्बम: शंभरातले किती पोहोचतात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पूर, दरड, एखाद्या रुग्णालयाची गरज अशा निमित्ताने अ‍ॅम्बियंट आणि डाउनटेम्पो संगीताचं संकलन काढून त्याची विक्री मदतीला द्यायची, ही कल्पना मुंबईतल्या तरुण संगीतकारांमध्ये वरचेवर निघते. ती चांगली आहे. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: अ‍ॅम्बियंट म्हणजे संथ, बहुधा शब्दांविना, सुरांचे थर लावून केलेलं संगीत, १९७८ साली ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी हे नाव रूढ केलं. डाउनटेम्पोत ताल असतो, पण मिनिटाला साधारण ७० ते १०० ठोक्यांचा. गायक नाही, वादक बोलवायचे नाहीत, स्टुडिओचं भाडं नाही, घरातल्या एका टेबलावर ट्रॅक तयार होतो. म्हणजे खर्च जवळजवळ शून्य आणि जमा झालेलं बहुतेक मदतीला जायला हवं.

तसं नेहमी होत नाही. पैसे कोणी खातं म्हणून नाही, ते वाटेत झिरपतात किंवा अडकतात. आमचं म्हणणं एवढंच की श्रोत्याने दिलेल्या शंभरातले किती आणि कोणत्या वाटेने मदत पोहोचवणाऱ्या संस्थेच्या खात्यात पडणार, हे ट्रॅक मागवण्याआधी ठरवावं आणि अल्बमच्या पानावर आकड्यांत लिहावं. ‘सर्व उत्पन्न मदतीसाठी’ या वाक्यातून काहीच कळत नाही.

स्ट्रीमिंगवर विसंबू नये. स्पॉटिफायवर एखादा ट्रॅक ३० सेकंद ऐकला की एक स्ट्रीम मोजला जातो. पुढची दहा मिनिटं ऐकली तरी मोजणी एकच. अ‍ॅम्बियंटचे ट्रॅक लांब असतात, त्यामुळे हा हिशेब त्यांच्या मुळावरच येतो. शिवाय २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम न झालेल्या ट्रॅकला त्या सेवेकडून काहीच मिळत नाही, आणि ही अट अल्बमला नसून प्रत्येक ट्रॅकला वेगळी आहे. बारा जणांच्या संकलनात दोन ओळखीची नावं चालतील आणि उरलेले दहा ट्रॅक कोरडे राहतील. तिथे अल्बम जरूर ठेवावा, पण जाहिरातीपुरता.

विक्रीसाठी बहुतेक जण बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळाकडे वळतात. तिथे डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापले जातात. त्याशिवाय पैसे वळते करणाऱ्या सेवेचा आकार (शुल्क) असतो, त्यात टक्केवारी असते आणि प्रत्येक व्यवहारामागे एक ठरावीक रक्कमही असते. लहान किमतीला मारते ती ही ठरावीक रक्कम. समजा हा आकार ४.४ टक्के अधिक ३० सेंट आहे. दहा डॉलरच्या अल्बममधून दीड डॉलर बँडकॅम्पचे, ७४ सेंट आकाराचे, हाती ७.७६. पाच डॉलरला ३.७३. आणि एक डॉलरला सुटा ट्रॅक विकला तर हाती जेमतेम ५१ सेंट, म्हणजे निम्मे गेले. त्यावर डॉलरचे रुपये करतानाची कपात वेगळी. म्हणून मदतीच्या अल्बमात सुटे ट्रॅक विक्रीला ठेवू नयेत, अख्खा अल्बमच ठेवावा आणि ‘हवं तर जास्त द्या’ हा पर्याय चालू ठेवावा. बँडकॅम्प २०२० च्या मार्चपासून काही जाहीर शुक्रवारी आपला वाटा सोडतं. प्रकाशन त्या दिवशी केलं तर पहिल्या गर्दीवरचे १५ टक्के वाचतात. पैसे वळते करण्याचा आकार मात्र त्या दिवशीही लागतो, हे विसरून ‘शंभर टक्के’ लिहू नये.

आता आपल्याकडची खरी अडचण. १ एप्रिल २०२१ पासून पेपॅल या ऑनलाइन पैसे देण्याघेण्याच्या सेवेने भारतातल्या भारतात पैसे देण्याची सोय बंद केली. भारतीय खात्यात परदेशातून पैसे येतात, देशातून येत नाहीत. म्हणजे संकलनाचं बँडकॅम्प खातं भारतीय पेपॅलला जोडलेलं असेल तर टोरांटोतला श्रोता अल्बम घेऊ शकतो आणि ठाण्यातला अडतो. त्याला कारणही कळत नाही, पान नुसतं अडखळतं आणि तो निघून जातो.

यावर सर्वांत स्वच्छ तोडगा म्हणजे देशातल्या श्रोत्याने पैसे थेट संस्थेच्या यूपीआय क्यूआरवर द्यावेत आणि अल्बम त्याला भेट म्हणून मिळावा. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून व्यापारी शुल्क नाही, त्यामुळे शंभरचे शंभर पोहोचतात. आयोजकांच्या खात्याला पैसा शिवतच नाही, हा त्याहून मोठा फायदा. पैसे देणाऱ्याने व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक पाठवायचा आणि आयोजकांनी डाउनलोड कोड धाडायचा. गडबड होते ती पडताळणीत. बँकेचा उतारा संस्थेच्या हिशेबनिसाकडे असतो, आयोजकांकडे नाही. म्हणून तो आठवड्यातून कोणत्या दिवशी यादी देणार हे आधी ठरवून घ्यावं. टिपेच्या रकान्यात अल्बमचं नाव लिहा असं सांगितलं तरी अर्धे लोक तो रिकामा सोडतात. त्यावर उपाय रकमेतच आहे: ३०७ रुपये मागावेत. ३०१ किंवा ५०१ नको, कारण एरवीच्या देणग्याही त्याच शकुनाच्या आकड्यांत येतात आणि मग वेगळ्या काढता येत नाहीत.

कागदपत्रांकडे कलाकार मंडळी शेवटी वळतात, म्हणून थोडं खोलात लिहितो. धर्मादाय कारणासाठी लोकांना आवाहन करून पैसे गोळा करणाऱ्याने महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्त कार्यालयाला कळवावं लागतं. गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी परवानगी घेतात ती याच कलमाखाली. पैसा नोंदणीकृत संस्थेच्याच खात्यात थेट जात असेल तर हा भार पुष्कळसा हलका होतो, तरी संस्थेकडून नाव आणि चिन्ह वापरण्याची लेखी संमती हवीच. ८०जी, म्हणजे देणगीवरची करसवलत, याबद्दलही गफलत असते. अल्बमची किंमत मोजणं ही खरेदी आहे, देणगी नाही. त्यावर श्रोत्याला करसवलत मिळत नाही. संस्थेला थेट दिलेल्या देणगीची पावती मिळू शकते, पण त्यासाठी पॅन आणि पत्ता लागतो, रोख असेल तर दोन हजारांच्या वर चालत नाही आणि नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही. बदल्यात अल्बम दिला तर पावतीवर काय लिहायचं, हे संस्थेच्या सनदी लेखापालाला विचारावं. जाहिरातीत ‘८०जी उपलब्ध’ असं ठोकून देऊ नये.

परदेशातून आलेल्या पैशाचं प्रकरण याहून नाजूक आहे. परदेशी अंशदान कायद्यानुसार परदेशी स्रोताकडून आलेली रक्कम मधल्या माणसाने पुढे संस्थेला दिली तरी ती परदेशी अंशदानच धरली जाते. व्यवसायात विकलेल्या वस्तूची किंमत त्यातून वगळलेली आहे हे खरं, पण ‘सगळं मदतीला’ असं जाहीर करून विकलेला अल्बम कोणत्या बाजूला पडतो यावर सनदी लेखापालाचं लेखी मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. चूक झाली तर भुर्दंड संस्थेला बसतो आणि तिची नोंदणी धोक्यात येऊ शकते. संस्थेकडे या कायद्याखालची नोंदणी असेल तर परदेशी श्रोत्याला थेट तिच्या परदेशी अंशदानासाठीच्या विशेष खात्याकडे पाठवावं. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी खाती स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उघडावी लागतात; संस्था वांद्र्याची आणि खातं दिल्लीचं पाहून कोणी बिचकू नये. नोंदणी नसेल तर परदेशातली विक्री त्या देशातल्या संस्थेसाठी वेगळी ठेवणं सोपं.

कलाकारांशी करार एक पानाचा पुरे, पण तो लेखी हवा. कॉपीराइट कायद्यानुसार करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. जगभर विकायच्या अल्बमला हे घातक आहे, म्हणून दोन्ही स्पष्ट लिहावं. हक्क कलाकाराकडेच राहू द्यावेत आणि अनन्य नसलेला (म्हणजे कलाकाराला तोच ट्रॅक इतरत्रही देता येईल असा) परवाना घ्यावा. ‘मी सर्व रॉयल्टी सोडत आहे’ हे वाक्य अनेक नमुन्यांत दिसतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगीतकाराला मूळ रचनेवरची रॉयल्टी अशी सोडताच येत नाही. ‘माझा वाटा अमुक संस्थेला द्यावा’ असा निर्देश लिहिणं बरोबर.

सॅम्पलचं (दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून उचललेल्या तुकड्यांचं) प्रतिज्ञापत्र त्याच पानावर घ्यावं. मुंबईत बाहेर केलेल्या ध्वनिमुद्रणात धोका असतो तो पार्श्वभूमीचा: स्टेशनबाहेरच्या टपरीवर किंवा रिक्षात वाजणारं चित्रपटगीत चार सेकंद जरी आलं, तरी यूट्यूबची स्वयंचलित तपासणी ते पकडू शकते आणि त्या ट्रॅकचं उत्पन्न अडकतं. गाडीतल्या उद्घोषणा आणि फलाटावरची खासगी बोलणी वापरण्याआधीही विचार करावा. पाऊस, कोकीळ, वरळीचा समुद्र यांना कोणाची परवानगी लागत नाही.

आणि आता ज्याच्यामुळे अल्बम लोक पुन्हा ऐकतात किंवा ऐकत नाहीत, ते मास्टरिंग, म्हणजे सगळे ट्रॅक एकमेकांशी जुळवून विक्रीची अंतिम फाइल करणं. बारा घरांतून बारा तऱ्हांच्या फाइल येतात. आवाहनातच लिहावं: २४ बिट वेव्ह, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ यांपैकी एकच, मास्टरवर लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) नको, आवाजाचं शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास, आणि शेवट कापू नका. रिव्हर्बची (घुमाऱ्याची) शेपटी विरेपर्यंत फाइल चालू द्यावी. फेड (आवाज हळूहळू उतरवणं) मास्टरिंग करणारा देईल. १६ बिटमध्ये उतरवताना डिदर (मुद्दाम मिसळायचा अगदी बारीक गोंगाट) लावायचा राहिला तर बिघाड ऐकू येतो तो नेमका याच विरत्या शेपटीत, आणि अ‍ॅम्बियंटमध्ये अशा शेपट्याच जास्त. वीस मिनिटांची ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ फाइल सुमारे ३४५ एमबी होते. चढवताना मर्यादा आडवी आली तर फ्लॅक या आटोपशीर प्रकारात करून पाठवावी, आवाजात काही हरवत नाही.

लाउडनेस (ट्रॅकची कानाला जाणवणारी सरासरी पातळी, एलयूएफएस या एककात) सगळ्यांचा उणे १४ वर आणून ठेवला की काम झालं, असा एक समज आहे. तो आकडा स्पॉटिफायच्या सर्वसाधारण पातळीचा आहे, अल्बमचं मोजमाप नाही. या मोजणीत फार शांत भाग गाळले जातात: उणे ७० च्या खालचे सरसकट, आणि उरलेल्या सरासरीच्या १० एककं खालचेही. त्यामुळे पाच मिनिटं कुजबुजून शेवटी भरून येणारा ट्रॅक फक्त त्या भरल्या भागावर मोजला जातो. त्याला आणि सलग दाट ड्रोनला (लांबवर धरून ठेवलेल्या सुराला) एकच आकडा दिला तर पहिला हरवतो आणि दुसरा डोकं उठवतो. अ‍ॅम्बियंट संकलनाला उणे १८ ते उणे २० हा पट्टा सोयीचा पडतो. त्याच्या आत प्रत्येक जोड कानाने जुळवावा, आधीच्या ट्रॅकचं शेवटचं अर्धं मिनिट आणि पुढच्याचं पहिलं अर्धं मिनिट लागोपाठ ऐकून. खरं शिखर (ट्रू पीक, म्हणजे प्रत्यक्ष वाजताना आवाज गाठेल ते टोक) उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये.

घरच्या मुद्रणात विजेची गुणगुण हमखास असते. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची आणि तिच्या पटीत १००, १५० वर. अनेक सॉफ्टवेअरांतले तयार पर्याय अमेरिकेच्या ६० हर्ट्झचे असतात. ते लावले की गुणगुण जागेवर राहते आणि भलताच सूर चिरला जातो. ५० वर आणि तिच्या पटींवर खाच मारतानाही (तेवढीच कंप्रता कापतानाही) जपावं. हार्मोनियमच्या पांढरी पाच या पट्टीचा खालचा षड्ज ४९ हर्ट्झवर असतो, त्याच्या वरचा ९८ वर, आणि त्याचा पंचम १४७ च्या आसपास. त्या पट्टीतल्या ड्रोनवर रुंद खाच मारली तर षड्ज आणि पंचम दोन्ही पोकळ होतात. खाच अगदी अरुंद ठेवावी. जमलं तर लॅपटॉप बॅटरीवर चालवून पुन्हा मुद्रण करून घ्यावं, ते उत्तम.

पावसाचा आवाज हा एमपी३ चा शत्रू. सर्व कंप्रतांवर पसरलेला गोंगाट कमी बिटमध्ये बसवणं अवघड असतं, त्यामुळे सेकंदाला १२८ किलोबिटच्या दराला मुसळधार पाऊस घुसळल्यासारखा, पाण्याखालून आल्यासारखा लागतो. बँडकॅम्पवर विकत घेण्याआधी ऐकू येतो तो हाच दर, आणि घ्यायचं की नाही हे श्रोता तिथेच ठरवतो. म्हणून मास्टर मंजूर करण्याआधी १२८ ची प्रत करून साध्या इअरफोनवर ऐकावी. पाऊस खराब लागला तर त्याची वरची टोकं थोडी उतरवावीत आणि स्टिरिओ रुंदी कमी करावी. ट्रॅक एकमेकांत मिसळणारे असतील तर जोड सलग ड्रोनच्या मधोमध कापू नये. एमपी३ फाइलच्या टोकांना थोडी शांतता जोडली जाते आणि तिथे हिसका बसतो. कापायचंच तर जिथे आवाज कमीत कमी आहे तिथे. सलग ऐकणाऱ्यांसाठी अख्ख्या अल्बमची एक अखंड फाइल जादा ठेवली तर आणखी बरं.

कॅसेट काढायचा मोह होतो. सी-६० च्या एका बाजूला ३० मिनिटं. क्रम त्या हिशेबाने दोन भागांत बसवावा लागतो. छपाईचा आणि टपालाचा खर्च कोण उचलणार हे ठरल्याशिवाय त्यात पडू नये, कारण न खपलेल्या पेट्यांचा खर्च शेवटी मदतीच्या रकमेतूनच वळता होतो.

विक्री संपण्याची तारीख पानावर पहिल्या दिवसापासून असावी. त्यानंतर महिन्याभरात जमा रक्कम, झालेली कपात आणि संस्थेच्या पावतीचा क्रमांक त्याच पानावर टाकावा, आणि ‘मदतीसाठी’ हे शब्द तिथून काढावेत. ते राहिले तर दोन वर्षांनी येणारे किरकोळ डॉलर कोणाचे, हे सांगायला कोणीच उरत नाही.

– ध्वनिमुद्रण आणि मास्टरिंगचं काम करणारे काही वाचक, मुंबई