सूचना : विक्रेता परवान्याच्या भानगडीत पडण्याआधी

सभासदहो, 'दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येतील, म्हणून डीलरचा परवाना काढू का?' अशी विचारणा वाढली आहे. काढू नका. तो परवाना धंद्यासाठी असतो. दुकान, साठ्याचे रजिस्टर आणि तपासणी मागे लागते. छंदाला हे झेपत नाही.

शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने बंदुकांची मर्यादा माणशी तीनवरून दोनवर आली, हे खरे. पण मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाने नेमबाजीच्या सरावासाठी वापरलेली पॉइंट टू-टू (.22 बोअरची) रायफल या मर्यादेत धरत नाहीत (कलम 3, पोटकलम 3). परवाना मात्र लागतोच.

जुनी बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीचे माप) बंदूक विकायलाही डीलर व्हावे लागत नाही. जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवा. लातूर-नांदेडला जिल्हाधिकारी कार्यालय, संभाजीनगर शहरात पोलिस आयुक्तालय. अर्जात घेणाऱ्याचे नाव-पत्ता हवाच, नेमके तेच लिहायचे राहून जाते. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख घ्या. किमान 45 दिवस उलटल्याशिवाय बंदूक हातातून सोडू नका, पाहुण्यांत व्यवहार असला तरी. घेणाऱ्याचा परवाना त्याच बोअरचा आणि चालू मुदतीचा आहे ना, हे मूळ पुस्तिकेवर बघा. मोबाइलवरचा फोटो चालणार नाही.

— सचिव