तरवडाला पाणी घालू नका

हैदराबाद, 28 जून

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर काही सांगायला लागले की बाबा ‘हो हो’ म्हणतात आणि फोन आईकडे देतात. म्हणून हे पत्र. काल आई म्हणाली, तरवडाची खालची पानं पिवळी पडून गळताहेत आणि बाबा सकाळ-संध्याकाळ बादली ओतताहेत. बाबा, पाणी कमी पडून नाही, जास्त झाल्यानंच ती पिवळी पडलीत.

सांगोल्याच्या माळावर तरवडाला कधी कुणी तांब्याभर पाणी घातलेलं आठवतंय का? निव्वळ मुरमात, उन्हात रसरसून फुलणारं झुडूप ते. त्याचं सोटमूळ खोल जातं आणि आपलं पाणी आपण शोधतं. वर रोज चिखल केलात तर ते खाली जाईलच कशाला? तिथंच कुजेल. मोगऱ्याचे लाड मोगऱ्यापाशी ठेवा. आणि कुंपणाजवळ शेणखताची पाटी आणून ठेवलेली परवा व्हिडिओ कॉलवर दिसली मला. ती वांग्यांना घाला. काटेरी फांद्याही लावायला नकोत, तरवडाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही.

आई, ही रोपं खरं तर तुझ्यासाठी आणली. लहानपणी घट बसले की तू मला माळावर न्यायचीस, ओच्यात पिवळी फुलं भरून आणायचो. पहिली माळ विड्याच्या पानांची, पुढं तरवडाची. आता तिथं प्लॉट पडलेत, तारा ओढल्यात. गेल्या नवरात्रात तू विकतचा झेंडू ओवलास आणि म्हणालीस, ‘देवीला काय, चालतं.’ तो आवाज माझ्या डोक्यातून गेला नाही.

आणि इथं बघ, त्याच दिवसांत भाजीबाजारात तरवडाच्या फुलांचे भारेच्या भारे! इथले लोक त्याला तंगेडू म्हणतात, तेलंगणाचं राज्यफूलच आहे ते. सर्वपित्री अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत इथला बतुकम्माचा सण असतो. ताटात फुलांचे थर रचून उतरंड करायची, तिच्याभोवती बायका फेर धरतात. पहिल्या वर्षी तो बाजार बघून मी भाजी न घेताच घरी आले होते.

जानेवारीत रस्त्याकडेच्या उतारावरून वाळक्या शेंगा आणल्या, चपट्या, कागदासारख्या. बियांचं कवच भारी टणक. पॉलिश कागदावर घासल्या, रात्रभर गरम पाण्यात ठेवल्या, मग दुधाच्या पिशव्यांत लावल्या. वीसपैकी अकरा उगवल्या. दोन तर मीच जास्त पाणी घालून मारल्या, तेव्हा बाबा, हा गुण कुठून आला ते कळलंच.

पानाच्या देठाशी बघा, दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी गोल उपपर्णं असतात. वनस्पतिशास्त्रातलं ‘ऑरिक्युलाटा’ हे नाव त्या कानांवरूनच पडलं. झाडाला कान आहेत, बाबा. तुम्हीही जरा द्या.

आता नीट वाचा. पाऊस आहे तोवर एक थेंबही घालायचा नाही. पंधरा दिवस उघडीप पडली तरच एकेक तांब्या, आणि तोही आईनं. पुढचा उन्हाळा तेवढा असाच सांभाळायचा, त्यानंतर त्याला विसरून जायचं. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका, त्यांची पांढुरकी फुलपाखरं होतात. टाकीपासून कुंपणापर्यंत बादली न्यायची नाही, हे झाडासाठी आणि तुमच्या गुडघ्यासाठीही. टँकरचं पाणी किती दिवसांनी येतं ते मला ठाऊक आहे.

फुलं यंदा येतीलच असं नाही, बहुधा पुढच्या वर्षीच. मी तिसऱ्या माळेला पोचते. त्याआधी एखादा तुरा आलाच तर आई, माझी वाट बघू नकोस, घटाला घाल.

तुमची,
रेखा