मांद्र्याच्या घराचं छप्पर

विल्मिंग्टन, नॉर्थ कॅरोलायना
८ फेब्रुवारी

ती. दादा आणि वहिनी, सा. न.

काल फोनवर आईशीच बोलण्यात वेळ गेला आणि छपराचं अर्धवट राहिलं म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय. सावंतवाडीत घरी बसून शांतपणे वाच, आणि रविवारी गोव्यात मांद्र्याला आईकडे जाशील तेव्हा मोबाईलवर उघडून ठेव, कॉन्ट्रॅक्टर समोर बसला की विचारायचं ते नेमकं राहून जातं.

त्याने शिंगल सुचवल्यात हे ऐकल्यापासून मला चैन नाही. दिसतात छान, मोरजी-आश्वेला नवीन व्हिला झालेत त्यातल्या कितीतरींवर त्याच आहेत, मान्य. पण त्या व्हिलांना खाली उतरता स्लॅब आहे रे. शिंगल म्हणजे फायबरग्लासची पातळ चटई, तिला डांबर चोपडलेलं आणि वर बारीक रंगीत खडी, तिला स्वतःचा ताठपणा काहीच नाही, खाली सलग फळी लागतेच, इथे ती प्लायवूडची असते. आपल्याकडे वासे आणि रिपा, मधे सगळं मोकळं. म्हणजे छपराच्या दोन्ही उतरत्या पाखांवर आधी प्लाय ठोकणार, मग त्याच्यावर शिंगल, आणि मांद्र्याची दमट हवा नि वाळवी बघता ते प्लाय किती वर्षं राहील तूच सांग. वरून असं बंद केलं की खालच्या लाकडाला वारा नाही. आजोबांच्या वेळचे वासे अजून ठणठणीत आहेत ते कौलांच्या फटींतून हवा खेळते म्हणून, असं मला मनापासून वाटतं.

आणि हे मी स्वतःच्या घरावर बघितलंय. २०१८ च्या सप्टेंबरात फ्लॉरेन्स वादळ इथेच राइट्सव्हिल बीचजवळ किनाऱ्याला लागलं, तुम्हाला आठवत असेल दोन दिवस फोन लागत नव्हता. वाऱ्याने आढ्याजवळच्या शिंगल उचलल्या, एक सुटली की शेजारची सुटते, त्यात पाऊस थांबायलाच तयार नाही, पाणी प्लायमधून मुरत मुरत खाली आलं आणि पोरांच्या खोलीचं सिलिंग पहाटे पडलं, नशीब दोघं आमच्याजवळ झोपली होती. तरी २०१९ मध्ये आम्ही परत शिंगलच टाकल्या कारण मेटलचं कोटेशन जवळजवळ अडीचपट आलं होतं आणि तेव्हा तेवढे पैसे नव्हते. आता उत्तरेकडच्या पाखावर काळे ओघळ आलेत, शेवाळासारखंच असतं ते, दमट हवेत येतं. आणि इथे वर्षाचा पाऊस साधारण १५०० मिमी, गोव्यात त्याच्या दुप्पट आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. शिवाय इथे एक शिंगल निघाली तर ती बसवणारा माणूस आठवड्यात मिळतो, मांद्र्यात ऐन आषाढात कोण चढणार?

मग राहिलं मेटल. आईचं म्हणणं मला कळतंय, पत्र्याखाली राहायचं म्हणजे शेतावरच्या मांगरात राहिल्यासारखं, आणि पावसाचा आवाज एवढा की शेजारच्या खोलीतली हाक ऐकू येत नाही. ती तिथे एकटी असते, तिला रात्री झोप लागली पाहिजे. पण दरवर्षी माकडं कौलं फोडणार, आणि कौलं परतायला गडी मिळत नाही, गेल्या पावसात माजघरात तीन ठिकाणी टोपं ठेवली होती तिने, मला सांगितलं पण नाही, वहिनींकडून कळलं.

म्हणून माझं मत असं, कौलं काढायचीच नाहीत. फुटकी तेवढी बदलून घ्यायची आणि मागच्या-पुढच्या पाखांवर वेगळा सांगाडा उभा करून वर पत्रा घालायचा, आपल्या भागात बऱ्याच घरांना केलंय तसं. कौल आणि पत्रा यांच्यात हात सहज जाईल एवढी जागा आणि दोन्ही टोकांना हवा जायला वाट. उन्हाची धग मधल्या मधे निघून जाते आणि आवाजही खाली येईस्तो बराच मरतो. रंग फिकटच घे, आईला लाल आवडतो माहिताय, पण एप्रिल-मेमध्ये फिकट रंगाखाली फरक कळतो.

पत्रा कुठला हे मात्र नीट विचार. कॉन्ट्रॅक्टर गॅल्व्हल्यूम देणार, म्हणजे लोखंडी पत्र्यावर ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा. चांगला असतो, पण समुद्र जवळ असला की कापलेल्या कडेपासून गंज धरतो, आणि इथे तर किनाऱ्याजवळच्या घराला बऱ्याच कंपन्या त्याची वॉरंटीच देत नाहीत. आपलं घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. तेव्हा पूर्ण ॲल्युमिनियमचाच घे, महाग पडला तरी, वरचे पैसे मी पाठवतो, ह्याच्यावर वाद नको. फक्त ॲल्युमिनियम थेट सांगाड्याच्या लोखंडी पाइपवर टेकवायचा नाही, खारट ओलाव्यात दोन धातू चिकटून राहिले की पत्रा खाल्ला जातो, मधे रबराची पट्टी पाहिजे. स्क्रू स्टेनलेसचे, रबरी वॉशरवाले, आणि मशीनने फार आवळायचे नाहीत, वॉशर चेपून बाहेर आला की तिथूनच गळती. दहाबारा वर्षांनी वॉशर बदलावे लागतील ते आत्ताच धरून चाल. आणि कडांना नि आढ्याला स्क्रू जास्त, वारा तिथूनच पत्रा उचलतो. २०२१ च्या मे मध्ये तौक्तेच्या वेळी वाड्यावरचे पत्रे माडात जाऊन अडकले होते ना, त्यांचे फोटो तूच पाठवले होतेस, कडेचेच होते सगळे.

पुढची पडवी तशीच राहू दे, नुसती कौलांची. तिथून पागोळ्या पडताना आई बघत बसते.

काम मेच्या पहिल्या आठवड्यात आटपायला हवं, नंतर वळवाचा भरवसा नाही. आणि सांगाड्याचे खांब भिंतीवर घेताना चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधतो त्या तुळईला कोणी भोक पाडू नये, ते तू स्वतः उभा राहून बघ. ॲडव्हान्स द्यायच्या आधी माळ्यावर चढून वाशांचे खालून फोटो काढ, खास करून न्हाणीच्या बाजूचे, तिथे मला गेल्या वेळी वाळवीची माती दिसली होती. फोटो आले की मी फोन करतो.

वहिनी, आईचं ते टोपांचं कळवलंत, फार बरं केलंत.

तुझा
बाळू