‘खात्री’ या शब्दाखाली रेघ ओढणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

रहस्यकथांवरच्या माझ्या लहान कवितांची वही आपण वाचून परत केलीत, तेव्हा मी आपल्याला चार ओळींची पोच पाठवली होती आणि तिच्यात ‘आभारी आहे’ यापलीकडे फारसे काही नव्हते. त्या वहीतील बहुतेक कविता आता नव्याने लिहून झाल्या आहेत, आणि आपल्या पेन्सिलीच्या खुणांनी नेमके काय घडवले हे मला त्या वेळेपेक्षा आज अधिक स्पष्ट दिसते. म्हणून हे सविस्तर पत्र. अशा कविता लिहू पाहणाऱ्या आणखी कुणाला त्याचा उपयोग व्हावा, या हेतूने ते मी सर्वांसमोर ठेवत आहे. आपले नाव मात्र आपल्या इच्छेप्रमाणे कुठेही घातलेले नाही.

वही पाठवताना मी सोबतच्या पत्रात बराच संकोच व्यक्त केला होता. गुप्तहेराची कथा तर्कावर चालते, कविता वेगळ्याच वाटेने जाते, तेव्हा या दोहोंना एकत्र आणणे हा पोरखेळ तर नाही ना, असे मी विचारले होते. उत्तरादाखल आपण उपदेश केला नाहीत, तर एडगर ॲलन पो यांच्या १८४४ सालच्या ‘द पर्लॉइन्ड लेटर’ या कथेतला एक प्रसंग आपल्या हस्ताक्षरात उतरवून पाठवलात. पत्र चोरणारा मंत्री कवी आहे, आणि कवी म्हणजे मूर्खाहून एकच पायरी वर, असे पोलीसप्रमुख म्हणतो. त्यावर कथेतला गुप्तहेर द्युपँ पाइपचा एक लांब झुरका घेऊन कबूल करतो की थोडीफार पद्ये जुळवण्याचा अपराध आपल्या हातूनही झालेला आहे. पुढे तोच द्युपँ दाखवून देतो की पोलिसांची चूक इथेच झाली, कारण हा मंत्री गणिती आहे तसाच कवीही आहे आणि म्हणूनच त्याचा तर्क अचूक चालतो. १८४१ मध्ये ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ लिहून ज्या पो यांनी या कथाप्रकाराचा पाया घातला, त्यांचीच ‘द रेव्हन’ ही कविता १८४५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली, हे मला ठाऊक होते. पण या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. रहस्यकथाकार डोरोथी सेयर्स यांचे पहिले पुस्तक कवितांचे होते आणि ते १९१६ साली, म्हणजे त्यांचा गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्सी जन्माला येण्याच्या सात वर्षे आधी निघाले, हेही त्याच कागदाच्या समासात आपण बारीक अक्षरांत लिहिले होते. तो कागद मी जपून ठेवला आहे. त्यानंतर मी पुन्हा कधी संकोचाने लिहिले नाही.

आता त्या कुत्र्याविषयी. कॉनन डॉयल यांच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ या १८९२ सालच्या शेरलॉक होम्सकथेत शर्यतीचा घोडा रात्री तबेल्यातून नाहीसा होतो; तिच्यावर मी लिहिलेली चारोळी अशी होती :

कुत्रा भुंकला नाही रात्री,
तिथेच पटली होती खात्री;
चोर घरचाच, होता ज्ञात,
म्हणून कुत्रा राहिला शांत.

ती मला आवडत होती, कारण यमके जुळली होती आणि कथेतली सर्वांत प्रसिद्ध खूण तिच्यात आली होती. आपण फक्त ‘खात्री’ या शब्दाखाली रेघ ओढलीत आणि बाजूला लिहिलेत, ‘रात्रीला यमक हवे म्हणून खात्री आली, आणि खात्री आली की रहस्य गेले. होम्सचे उत्तर तुम्ही पुन्हा सांगता आहात. त्या रात्री तबेल्यात काय होते, ते लिहा.’ या तीन वाक्यांवर मी कितीतरी दिवस घालवले. मला प्रथम वाटले की आपला यमकालाच विरोध आहे; पण पुढच्याच पानावरच्या एका यमकबद्ध कवितेला आपण ‘छान’ म्हटले होते, त्यामुळे तो समज टिकला नाही. आपला आक्षेप होता तो उत्तराला. कथेत उत्तर शेवटी येते, कारण तोवर वाचकाने वीस-पंचवीस पाने शोधात घालवलेली असतात आणि त्या उत्तरावर त्याचा हक्क तयार झालेला असतो. चार ओळींच्या कवितेत तसा काहीच प्रवास झालेला नसतो. तिथे उत्तर देणे म्हणजे कथा न वाचलेल्याची मजा घालवणे आणि वाचलेल्याला त्याचेच त्याला परत करणे. मी कथा पुन्हा उघडली. तबेल्याच्या वरच्या माळ्यावर दोन मुले झोपलेली होती आणि त्यांना काहीच ऐकू आले नाही, हा तपशील पूर्वी माझ्या नजरेतून निसटला होता. मग ही कविता झाली :

माळ्यावर मुले गाढ झोपेत.
खाली कुत्र्याने मान वर केली,
पुन्हा पायांवर टेकवली.

मान वर करणारा कुत्रा डॉयल यांच्या कथेत नाही, तो माझा आहे. पण तो कथेच्या विरोधातही जात नाही. एवढे स्वातंत्र्य कवितेला घेता येते, हे आपण ‘आता कुत्रा दिसला’ असे लिहून मान्य केलेत, त्याचा आनंद मला अजून आहे.

मूळ संहितेकडे परत जाण्याची सवय मला आपल्यामुळे लागली, आणि हे आपले माझ्यावरचे दुसरे मोठे ऋण. एका कवितेत मी होम्सच्या तोंडी ‘अगदी सोपे आहे, माझ्या प्रिय वॉटसन’ हे वाक्य घातले होते आणि आपण समासात एकच प्रश्न विचारला होता : ‘कोणत्या कथेत?’ डॉयल यांच्या होम्सकथा साठ आहेत, त्यांतल्या चार दीर्घ आणि छप्पन्न लघु. मी शोधत गेले, आणि ते वाक्य त्या स्वरूपात एकाही कथेत सापडले नाही. टोपीचेही तसेच झाले. होम्सची म्हणून सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेली ती पुढे-मागे झापड असलेली शिकारी टोपी प्रामुख्याने सिडनी पॅजेट यांच्या चित्रांतून आलेली आहे. ‘सिल्व्हर ब्लेझ’मध्ये शब्दांत आहे ती फक्त कान झाकणारी प्रवासी टोपी. म्हणजे मी कथांवर कविता करत आहे असे समजत होते आणि प्रत्यक्षात कथांविषयी इतरांनी करून ठेवलेल्या चित्रांवर करत होते. त्या एका प्रश्नानंतर वहीतल्या सात कविता मी स्वतःच काढून टाकल्या.

उलट, शब्दन्‌शब्द वाचत गेल्यामुळे जे हाती लागले ते मला एरवी कधीच मिळाले नसते. ‘द सिक्स नेपोलियन्स’ या १९०४ सालच्या कथेत होम्स सहज बोलून जातो की ॲबरनेटी कुटुंबाचे भयंकर प्रकरण प्रथम त्याच्या लक्षात आले ते उन्हाच्या दिवशी लोण्यात पार्सली किती खोल रुतली होती त्यावरून. ते प्रकरण होम्सच्या कथा सांगणाऱ्या वॉटसनने कधी लिहिलेच नाही. काय घडले, कुणी केले, हे सांगणारी कथाच अस्तित्वात नसल्यामुळे इथे उत्तर फोडण्याची भीतीच उरत नाही, आणि मला वाटते, लहान कवितेसाठी याहून चांगली जागा साऱ्या होम्सकथांत नाही.

लोण्यावर पार्सलीचे पान ठेवले.
दुपार वितळत राहिली.
जेवायला कुणी आलेच नाही.

ही कविता आपण न खोडता परत पाठवलीत. वहीत अशा एकूण तीनच होत्या.

एका बाबतीत मी आपले ऐकले नाही, तेही इथे प्रांजळपणे लिहायला हवे. प्रत्येक कवितेला मूळ कथेचे नाव शीर्षक म्हणून द्यावे, म्हणजे वाचकाला कथेपर्यंत जाता येईल, असे आपले मत होते. मला ते पटत नव्हते. वर नाव दिसले की कथा वाचलेला माणूस कविता वाचण्याऐवजी आठवू लागतो. चेस्टरटन यांच्या एका कथेत चौघे जण एका इमारतीवर नजर ठेवून असतात, आत कुणीही गेले नाही असे चौघेही शपथेवर सांगतात, आणि प्रवेशद्वाराशी बर्फात पावलांचे ठसे उमटलेले असतात. त्यावरची माझी कविता अशी आहे :

चौघे म्हणाले, कुणीच आले नाही.
पायऱ्यांवरचा बर्फ
काही बोलला नाही.

तिच्यावर कथेचे नाव घातले तर जाणकार वाचक पहिल्याच ओळीला उत्तराकडे धावेल. म्हणून कथांची नावे मी वहीच्या शेवटच्या पानावर एकत्र दिली आहेत. आपल्याला हे मान्य होईल की नाही, सांगता येत नाही. परंतु हा निर्णय घेताना मी आपल्याशी मनातल्या मनात बराच वेळ वाद घातला, आणि असा वाद घालण्याइतकी स्पष्टता माझ्यात आली तीही आपल्याच खुणांमुळे.

आपल्या शेवटच्या पत्रात आपण सुचवले होते की होम्सकडे सगळेच पाहतात, तेव्हा त्याच्या आजूबाजूच्या माणसांकडे पाहून बघा. त्यावर मी १९०३ सालची ‘द एम्प्टी हाउस’ पुन्हा वाचली. मृत समजला गेलेला होम्स परत येतो, शत्रूला फसवण्यासाठी खिडकीत स्वतःचा मेणाचा अर्धपुतळा ठेवतो, आणि तो जिवंत वाटावा म्हणून घरमालकीण हडसनबाई दर पाव तासाने गुडघ्यांवर जाऊन त्याची जागा थोडी हलवत राहतात. बाहेर बंदूक रोखलेला मारेकरी येणार आहे, हे ठाऊक असताना! कथेत त्यांच्या वाट्याला आलेले कौतुक जेमतेम काही ओळींचे आहे. आजवर ही कथा मी अनेकदा वाचली होती, आणि दर वेळी माझे लक्ष पुतळ्याकडेच गेले होते. ही कविता आपण अजून पाहिलेली नाही. पेन्सिल जवळ असू द्यावी, ही विनंती.

दर पाव तासाला हडसनबाई
गुडघ्यांवर खिडकीपाशी जातात.
त्यांची सावली कुठेच पडत नाही.

आपली कृतज्ञ,
वहीची लेखिका