नवशिक्यांच्या विमानांना रविवारची सकाळ द्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा संपून सुट्ट्या लागल्या की आमच्या मिरजेत आणि शेजारच्या सांगलीत रेडिओ कंट्रोलवर उडणारी विमाने विकत घेणारी, किंवा थर्माकोल आणि सनबोर्ड कापून ती घरीच बनवणारी मुले दिसू लागतात. त्यांतली बरीचशी विमाने पहिल्याच दिवशी मोडतात आणि नंतर माळ्यावर जाऊन पडतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी भाच्याच्या नादाने हा छंद शिकलो; पहिले विमान मीही पहिल्याच दिवशी मोडले आहे. नवशिक्याला चांगल्या विमानाच्या आधी शेजारी उभा राहणारा जाणता माणूस आणि पुरेसे मोकळे मैदान लागते, आणि आपल्या शहरांत या दोन्हींची सोय नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या महिन्यात आमच्या वसाहतीच्या आवारात आठवीतल्या एका मुलाने वाढदिवसाला मिळालेले विमान उडवले. विमान देखणे होते, दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाची प्रतिकृती, पंख धडाच्या खालच्या बाजूला, वेग भरपूर. आणि नेमके म्हणूनच ते शिकण्याच्या कामाचे नव्हते. वडिलांनी ते हाताने वर भिरकावले, ते डावीकडे कलले, मुलाने घाबरून रिमोटवरची काठी मागे ओढली आणि दहा-बारा सेकंदांत ते पार्किंगच्या पत्र्यावर आदळले. आपल्याला ड्रोन उत्तम उडवता येतो, असे तो मुलगा रडवेला होऊन सांगत होता. ते खरेही असेल, परंतु ड्रोनमधला छोटा संगणक त्याला सतत तोलून धरत असतो आणि काठ्या सोडल्या तरी बहुतेक ड्रोन जागच्या जागी तरंगत राहतात. विमान पंखांवरून हवा वाहत राहिली तरच वर राहते, त्यामुळे विचार करायला वेळ हवा म्हणून त्याला हवेत उभे करता येत नाही. शिकण्यासाठी पंख धडाच्या वर असलेले, पंखांची टोके मध्यापेक्षा किंचित उचललेली, हळू उडणारे विमान घ्यावे. ते दिसायला साधे असते, आणि दुकानात मुलाची नजर त्याच्यावर कधीच ठरत नाही.

हातातल्या ट्रान्समीटरवर, म्हणजे रिमोटवर, दोन काठ्या असतात. आपल्याकडे बहुधा डावीवर थ्रॉटल (मोटरीचा वेग) आणि रडर (शेपटीचे उभे सुकाणू), उजवीवर एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा) आणि एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारा), अशी रचना असते, आणि ती अर्ध्या तासात पाठ होते. खरी अडचण पुढे येते. विमान आपल्यापासून लांब जात असते तोवर त्याचे उजवे ते आपले उजवे. ते वळून समोरून आपल्याकडे येऊ लागले की दोन्ही बाजूंची अदलाबदल होते आणि हात बरोबर उलटे काम करतो. अशा वेळी डावे-उजवे हा विचारच सोडून द्यावा आणि ज्या बाजूचा पंख खाली पडलेला दिसतो त्या बाजूला काठी न्यावी, म्हणजे तो पंख वर येतो. ही युक्ती सांगायला एक वाक्य पुरते, हातात बसायला मला दोन महिने लागले. संगणकावरच्या सिम्युलेटरवर याचा सराव फुकटात होतो आणि तिथे कितीही विमाने मोडली तरी घरात कोणी बोलत नाही.

वाऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्या मैदानावर नवशिक्यांची सर्वाधिक विमाने त्यानेच पाडलेली मी पाहिली आहेत. समजा विमानाचा हवेतला वेग ताशी ४० किलोमीटर आहे आणि वारा ताशी १५ किलोमीटरने वाहतो आहे. वाऱ्याला सामोरे जाताना ते जमिनीवरून पाहणाऱ्याला २५ च्या वेगाने रांगताना दिसते आणि वळून वाऱ्याबरोबर निघाले की ५५ ने सुसाट पळताना दिसते, पण हवेच्या दृष्टीने त्याचा वेग दोन्ही वेळा चाळीसच असतो. नवशिक्या ते पळणारे विमान पाहून घाबरतो, थ्रॉटल कमी करतो, हवेतला वेग उतरतो, पंखांची उचल संपते आणि नाक खाली पडते. मग तो नाक वर यावे म्हणून काठी मागे खेचतो, आणि त्याने पंख आणखीच निकामी होतात. खरे तर त्या क्षणी नाक खाली जाऊ द्यायचे, थ्रॉटल वाढवायचा आणि वेग आल्यावर हलक्या हाताने विमान सरळ करायचे असते. यासाठी खाली जागा हवी, म्हणून सराव निदान चाळीस-पन्नास मीटर उंचीवर करावा. नदी आणि नावेचे सापेक्ष वेगाचे गणित मी तीस वर्षे फळ्यावर सोडवून दाखवले आहे, तरीही काठी हातात आल्यावर मी हीच चूक केली.

आमचे पहिले विमान मात्र वाऱ्याने पडले नाही. भाच्याने झाकण नीट बसावे म्हणून बॅटरी तीन-चार सेंटीमीटर मागे सरकवली होती आणि शेपूट जड झाले होते. शिकाऊ विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे ज्यावर ते तोलून राहते तो बिंदू, पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण पाव ते तृतीयांश अंतरावर लागतो. पंख २० सेंटीमीटर रुंद असेल तर ५ ते ६.५ सेंटीमीटरवर. त्या ठिकाणी पंखाखाली दोन बोटे धरून विमान उचलले तर ते आडवे किंवा नाकाकडे किंचित झुकलेले राहिले पाहिजे. ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि आम्ही ती केली नाही. विमानाने हातातून सुटताच नाक आभाळाकडे उचलले, क्षणभर थबकले आणि शेजारच्या उसाच्या फडात गेले. उभ्या उसात पडलेले विमान वीस पावलांवरूनही दिसत नाही. भाच्याने ट्रान्समीटर बंद केला, तेव्हा संदेश तुटल्यामुळे मोटरीचा वेग सांभाळणारा कंट्रोलर थांबून थांबून बारीक आवाजात पिपाणी वाजवू लागला, आणि त्या आवाजाच्या मागाने आम्ही पाऊण तास फड धुंडाळला. विमान सापडले तेव्हा त्याचा एक पंख मोडला होता आणि उसाच्या पात्यांनी आम्हा दोघांचे हात कोपरापर्यंत चिरले होते. रानाच्या मालकांनी आधी चार शब्द सुनावले आणि मग चहा पाजला.

त्यानंतर आम्हाला एक गुरू भेटले. ते एनसीसीच्या हवाई शाखेच्या छात्रांना एरोमॉडेलिंग, म्हणजे छोटी विमाने बनवणे आणि उडवणे, शिकवत असत. त्यांची पद्धत अशी की दोन ट्रान्समीटर वायरीने जोडायचे, एक त्यांच्या हातात, एक माझ्या. त्यांनी आपल्या ट्रान्समीटरवरचे स्विच दाबून धरले असेल तोवर विमान माझे. मी घोटाळा केला की ते बोट उचलत आणि विमान तत्काळ त्यांच्या ताब्यात जाई. पहिल्या दिवशी विमान उंचावर नेऊन माझ्याकडे देताना ते एवढेच म्हणाले, “सर, आता काठी सोडा.” मी घट्ट धरूनच होतो. त्यांनी पुन्हा सांगितले तेव्हा अंगठे उचलले, आणि कललेले ते विमान एक-दोन हेलकावे घेऊन आपोआप सरळ झाले. पंखांची टोके वर उचललेली का असतात, हे मला पुस्तकावरून ठाऊक होते, पण अंगठ्यांना त्या दिवशी कळले. पुढचे सहा रविवार त्यांनी माझ्याकडून रुंद, सपाट वळणे आणि वाऱ्याकडे तोंड करून उतरणे एवढेच करून घेतले. त्या काळात एकही विमान मोडले नाही. एकट्याने शिकलो असतो तर माझी निदान चार विमाने गेली असती.

हे खेळणे आहे अशा समजुतीने ते गल्लीत उडवणाऱ्यांना एक गणित सांगावेसे वाटते. एक किलो वजनाचे विमान ताशी ५४ किलोमीटर वेगाने येते तेव्हा त्याच्यात जेवढी ऊर्जा असते, तेवढी ऊर्जा एक किलोचे वजन साडेअकरा मीटरवरून, म्हणजे जवळजवळ चौथ्या मजल्याच्या खिडकीतून सोडल्यास जमिनीशी पोहोचताना असते. दहा इंची प्रोपेलर मिनिटाला हजारो फेरे फिरतो आणि बोट सहज कापतो, म्हणून घरात मोटर तपासताना प्रोपेलर काढूनच ठेवावा. आधी ट्रान्समीटर चालू करावा आणि मग विमानाला बॅटरी जोडावी. आवरताना क्रम उलटा. लिथियम पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करू नये आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये, चार्जिंगला लावून बाहेर जाऊ नये आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. ही काळजी जाणत्यांच्या अंगवळणी पडलेली असते; दुकानातून खोके घेऊन आलेल्या पालकांना ती कोणी सांगत नाही.

आता मैदानाविषयी. केंद्र सरकारने २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित केलेल्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि २ किलोपर्यंतचे विमान व्यवसायासाठी नसेल तर उडवणाऱ्याला रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. नकाशावर हिरव्या रंगात दाखवलेल्या पट्ट्यात साधारणतः ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत उडवायला हवाई क्षेत्राची आगाऊ परवानगी लागत नाही, आणि कोणती जागा कोणत्या पट्ट्यात येते ते केंद्र सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरच्या नकाशावर पाहता येते. पुणे किंवा नाशिकसारख्या शहरांत विमानतळ आणि लष्करी हद्दींमुळे हे बारकाईने पाहावे लागते; मिरजेपासून कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ दूर आहे, त्यामुळे इथे अडचण कमी आहे. मात्र सभा, सण, दौरे यांच्या निमित्ताने पोलिसांचे तात्पुरते मनाई आदेश निघतात आणि त्यांत रिमोटवर उडणारी विमानेही येऊ शकतात, तेव्हा आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात चौकशी करणे शहाणपणाचे.

इतके असूनही, आम्ही एका शिक्षण संस्थेकडे रविवारी सकाळी दोन तास मैदान मिळावे असा अर्ज केला, तेव्हा “ड्रोनला परवानगी नाही” एवढ्या एका ओळीवर तो परत आला. मी त्या कारकुनाला दोष देत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे आणि बीड जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या बातम्या आल्या आणि लोक जागून पहारे देऊ लागले. तेव्हापासून आभाळात काहीही घरघरले की माणसे संशयाने वर बघतात. सध्या आम्ही गावाबाहेरच्या माळावर जातो. उन्हाळ्यात तिथे टिटवी जमिनीवरच अंडी घालते आणि आमच्या डोक्यावर ओरडत फिरते, म्हणून आम्हाला दर वर्षी त्या दिवसांत जागा बदलावी लागते. शिवाय बारा-तेरा वर्षांच्या मुलांना इतक्या लांब एकटे पाठवायला त्यांच्या घरचे तयार नसतात, आणि ते योग्यच आहे.

माझी विनंती मोठी नाही. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने, किंवा मोठे मैदान असलेल्या एखाद्या महाविद्यालयाने, वस्तीपासून दूर असलेले एक मैदान रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ या वेळेत, वारा उठण्याच्या आत, आम्हाला द्यावे. एका वेळी एकच विमान हवेत राहील, वजन २ किलोच्या आत असेल, बघणारे उडवणाऱ्याच्या मागे उभे राहतील, रस्त्याच्या आणि घरांच्या दिशेने उड्डाण होणार नाही आणि नवशिक्याच्या ट्रान्समीटरला जोडलेला दुसरा ट्रान्समीटर जाणत्याच्या हातात असेल, या अटी आम्ही लेखी द्यायला तयार आहोत. शिकवायला आमचे गुरू आहेत, थोडाफार मीही आहे, आणि शुल्क कोणीच घेणार नाही. नऊ-दहा हजार रुपयांत आमचे सगळे साहित्य झाले होते. गटाने एकच शिकाऊ विमान ठेवले तर प्रत्येक मुलाने तेवढा खर्च करण्याचीही गरज नाही.

त्याच संस्थेकडे मी पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे. या वेळी अर्जासोबत विमानही घेऊन जाईन, बॅटरी आणि प्रोपेलर काढून.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, मिरज