घरे आधी, शाळा मागून

मा. संपादक, स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या ऐसपैस उपनगरांचे कौतुक करणारे लेख मधूनमधून वाचायला मिळतात. मी वॉशिंग्टनजवळ, व्हर्जिनिया राज्यातल्या लाउडन काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) राहतो, म्हणून दुसरी बाजूही कळवतो. १९९० च्या जनगणनेत इथे साधारण ८६ हजार माणसे होती, २०२० मध्ये ४ लाख २१ हजार. तीस वर्षांत जवळजवळ पाचपट!

डलेस विमानतळ आणि आयटी कंपन्यांमुळे माणसे येत गेली, शेतांचे प्लॉट पडले. आम्ही घर बदललेले नाही, तरी मुलीची शाळा दोनदा बदलली. नवी वसाहत उभी राहिली की शाळांच्या हद्दी पुन्हा आखतात. एक वर्ष तर तिचा वर्ग मैदानातल्या ट्रेलरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या फिरत्या खोलीत भरायचा. पावसात स्वच्छतागृहाला जायचे तर अंगात रेनकोट चढवून.

वॉशिंग्टनची मेट्रो आमच्या ॲशबर्नला पोचली ती नोव्हेंबर २०२२ मध्ये. तोवर घरटी दोन गाड्या झालेल्या, त्या आता कोण सोडतो? डेटा सेंटरांच्या (इंटरनेटची माहिती साठवणाऱ्या संगणकांच्या इमारतींच्या) करातून काउंटीची तिजोरी भरते हे खरे, पण त्यांच्या विजेच्या मनोऱ्यांवरून आता वाद पेटलेत.

मीही बाहेरूनच आलेला, त्यामुळे नव्याने येणाऱ्यांना नावे ठेवायचे तोंड मला नाही. मात्र शाळा उभी राहिल्याशिवाय बिल्डरला घरांचा ताबा देऊ देऊ नये, असे मला वाटते.

– एक वाचक, ॲशबर्न, व्हर्जिनिया